रॅम्प बांधून पूर्ण झाला आहे

देशाची वाटचाल योग्य दिशेने सुरू आहे.

दिवाणाच्या आतल्या पांघरुणांना ऊन दाखवायचं राहिलं आहे.

साहेब बोटीवर आहेत, आणि बोट किनाऱ्यापासून लांब आहे.

जी वस्तू बांधलीच नाही ती मोडू शकते का, यावर बांधकाम खात्याचं ठाम मत आहे, आणि ते ‘हो’ असं आहे.

मास्तरीणबाईंनी सकाळी उठून व्हीलचेअरच्या चाकांना तेल दिलं.

नागरिकांनी लाभ घ्यावा.

यातलं पहिलं आणि शेवटचं वाक्य चिटणिसांच्या हातचं. मधल्या चार वाक्यांनी मिळून त्यांचा सुट्टीचा पहिला दिवस खाल्ला, आणि तो कसा खाल्ला तेच सांगायचं आहे.

चिटणीस म्हणजे आमदारसाहेबांचे चिटणीस. हल्ली सगळे ‘पीए’ म्हणतात. पण पीए म्हटलं की कुणीतरी बॅग धरून मागे मागे चालतंय असं वाटतं. बॅग ते धरतात आणि मागे मागेच चालतात, हे खरं आहे. पण म्हणून तसं वाटू द्यायचं का? म्हणून चिटणीस.

वर्षअखेरच्या सुट्टीत साहेब मतदारांना पत्रक पाठवतात. चार पानं, गुळगुळीत कागद, हसरा फोटो. पहिल्या पानावर देश, आतल्या पानांवर आपला भाग, मागे शुभेच्छा. देश साहेब स्वतः सांगतात, डोळे मिटून, खुर्ची मागे झुकवून. आपला भाग चिटणीस लिहितात, डोळे उघडे ठेवून, कारण त्यांना तिथे राहायचं असतं.

आता त्या कचेरीतली एक पद्धत सांगायला हवी. पत्रक छापायला जातं बरंच आधी, लोकांच्या हातात पडतं सुट्टीत. मधल्या दिवसांत जी कामं व्हायची असतात ती ‘झाली’ म्हणूनच छापावी लागतात. सुरुवातीला ही अडचण होती. मग चिटणिसांच्या लक्षात आलं की हे तर हत्यार आहे! अर्ज केले, स्मरणपत्रं पाठवली, साहेबांकडून फोन करवले, तरी जे खातं कूस बदलत नाही, ते ‘छापलं गेलंय’ म्हटल्यावर अंगात आल्यासारखं धावतं. बागेतलं बाक आधी पत्रकात आलं, मग बागेत. बसथांब्याचं छप्पर, कोपऱ्यावरचा दिवा, दवाखान्याचा नळ, सगळं असंच. बाहेर कुणाला पत्ता नव्हता. चिटणिसांना या पद्धतीचा गुप्त अभिमान होता. आरशासमोर दाढी करताना तो चेहऱ्यावर यायचा.

या वर्षी त्यांनी एक ओळ साहेबांना न विचारता घातली.

*“सार्वजनिक वाचनालयाच्या ओट्यास व्हीलचेअरसाठी रॅम्प बांधून पूर्ण झाला आहे. नागरिकांनी लाभ घ्यावा.”*

ही ओळ चिटणिसांच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या मास्तरीणबाईंसाठी होती. बाई शाळेत शिकवायच्या, आणि निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी वाचनालयात खिडकीजवळच्या खुर्चीवर बसायच्या. मग पडल्या. तेव्हापासून व्हीलचेअर. वाचनालय आमच्या याच रस्त्याच्या टोकाला, रस्ता सपाट. पण ओटा गुडघ्याच्या वर आणि त्याला पायऱ्या. ग्रंथपाल पुस्तकं घरी पाठवायचा. बाई म्हणायच्या, “घरी आलेल्या पुस्तकाला शेजारी खोकणारं कुणी नसतं, चिटणीस.” जिन्याखाली गाठ पडली की विचारायच्या, “काय झालं त्या रॅम्पचं?” आणि चिटणीस “प्रस्ताव पुढे गेलाय, बाई,” म्हणून दोन-दोन पायऱ्या चढत वर पळायचे. तो प्रस्ताव इतका पुढे गेला होता की दिसेनासा झाला होता.

म्हणून त्यांनी छापला.

*“टपाल सेवा अधिक गतिमान झाली आहे.” (पान एक, देश)*

गतिमान झालीच होती. पोस्टाने सुट्टीआधी पिशव्या रिकाम्या करायचं ठरवलं, आणि पत्रकं चिटणिसांनी धरलेल्या दिवसाच्या कितीतरी आधी वाटून टाकली. खात्याला अजून दम भरायचाच होता. चिटणीस सकाळी दूध आणायला उतरले, तर बाई दारातच, मांडीवर ते गुळगुळीत पत्रक, अंगावर करडी शाल, केस विंचरलेले. चाकांच्या तेलाचा वास येत होता.

“चिटणीस! केलंत की हो!”

चिटणीस दुधाची पिशवी छातीशी धरून उभे राहिले.

“आज चारला वाचनालय उघडतं. मी जाते. एकटी. भाची येणार होती न्यायला, तिला म्हटलं, तू नको येऊस, तुझी सुट्टी तू घे. आता मला कुणाचा हात लागत नाही.”

“आज?” चिटणीस म्हणाले. “गर्दी असेल, बाई. सुट्टीची.”

“असू दे की. गर्दीसाठीच जातेय.”

“सिमेंट ओलं असेल.”

“‘पूर्ण’ लिहिलंय,” बाई म्हणाल्या, आणि त्या शब्दाखाली बोट ठेवलं. शाळेतल्या मुलाला चूक दाखवतात तसं नव्हे. चांगलं लिहिलंस म्हणून दाखवतात तसं. तेच चिटणिसांच्या जिव्हारी लागलं.

वर आल्यावर बायकोने एका दमात सगळं ऐकून घेतलं. ती सुट्टीच्या दिवशी ऐकायचं काम फार लक्ष देऊन करते, कारण उरलेलं वर्ष ती बँकेच्या खिडकीत बसून तेच करते, पण काचेच्या पलीकडून.

“खाली जा आणि खरं सांगून टाका.”

“अगं, साहेबांच्या सहीचं पत्रक आहे ते. आमदाराचं पत्रक खोटं आहे असं मी, चिटणीस, जिन्याखाली उभा राहून सांगू?”

“मग वर उभे राहून सांगा. मी बाईंना हाक मारते.”

“थांब!”

ती थांबली. “त्या माउलीने भाचीला नको म्हणून कळवलंय,” ती म्हणाली. “चारला ती त्या ओट्याखाली एकटी उभी असेल, आणि वर सगळे वाचक तिच्याकडे बघत असतील. मला ते बघवणार नाही. तुम्हाला बघवेल का?”

चिटणिसांनी साहेबांना फोन लावला.

साहेब बोटीवर होते. वारा इतका होता की साहेबांच्या प्रत्येक वाक्यातला मधला भाग समुद्रात पडत होता.

“साहेब, रॅम्प झालेला नाही!”

“छापलाय ना?”

“छापलाय.”

“मग करा!” वारा. “…आणि चिटणीस, माझं पहिलं पान कसं वाटलं लोकांना? परराष्ट्र धोरणावर काय म्हणतायत?”

“जिन्यात तरी त्यावर काही चर्चा नाही, साहेब.”

“विचारून ठेवा,” साहेब म्हणाले, आणि बोट पुढे गेली.

*“प्रशासन सुट्टीच्या काळातही नागरिकांच्या सेवेस तत्पर राहील.” (पान दोन, आपला भाग)*

बांधकाम खात्याच्या इमारतीत एक दार उघडं होतं आणि त्या दाराआड एक कनिष्ठ अभियंता. खुर्चीच्या पाठीला डबा अडकवलेला, पायाशी हीटर. माणूस सभ्य होता. संकटात सभ्य माणूस भेटण्यासारखं दुसरं संकट नाही. उद्धट असता तर निदान ओरडता आलं असतं.

“वाचनालयाचा रॅम्प,” चिटणीस म्हणाले. “आजच्या आज. तात्पुरता का होईना. दोन माणसं, चार विटा, पोतंभर सिमेंट.”

अभियंत्याने कपाट उघडून फाईल काढली, आणि त्याचा चेहरा उजळला. “अहो, हे काम संपलं! हे बघा. साहेबांच्या पत्रकाची प्रत आली, ‘बांधून पूर्ण’. वरून शेरा आला, ‘बंद’. फायलीला फीत मीच बांधली.”

“पण ते झालेलं नाही.”

“तसं कसं?” अभियंता खरोखर दुखावला. “तुमच्याच पत्रकात आहे.”

“ते मी लिहिलंय!”

“मग तुम्हाला तर माहीतच असणार.”

भिंतीवरचं घड्याळ दुपारकडे सरकत होतं. आजवर जे हत्यार खात्याच्या पाठीला लावत आले, ते या वेळी खात्याने हसतमुखाने म्यानात घालून कपाटात ठेवून दिलं होतं.

“संपलेलं काम आम्हाला परत सुरू करता येत नाही,” अभियंता समजुतीने म्हणाला. “लेखापरीक्षणवाले फाडून खातील. एकाच जागी दोन रॅम्प कसे? पण एक करता येईल. दुरुस्ती. दुरुस्तीला वेगळी मंजुरी लागत नाही.”

“मग करा दुरुस्ती!”

“त्यासाठी तो मोडलेला हवा.”

हीटर तेवढा गुरगुरत होता.

“मोडलाय असं लिहून द्या,” अभियंता हळूच म्हणाला, आणि कोरा कागद पुढे सरकवला.

चिटणिसांनी आयुष्यात अनेक न झालेल्या गोष्टी झाल्या म्हणून लिहिल्या होत्या. पण न झालेली गोष्ट होऊन मोडली, असं लिहायची वेळ आली नव्हती. पेन कागदावर टेकेना. बागेतलं बाक, बसथांब्याचं छप्पर, कोपऱ्यावरचा दिवा, सगळे खोलीत येऊन बघत उभे आहेत असं त्यांना वाटलं. शेवटी त्यांनी लिहिलं: सदर रॅम्प पूर्णतः मोडला असून त्याचा एकही भाग जागेवर दिसून येत नाही.

“छान,” अभियंता म्हणाला. “कारण लिहा. कशाने मोडला?”

चिटणिसांनी लिहिलं: नागरिकांनी लाभ घेतल्यामुळे.

“उत्तम. माणसं सुट्टीनंतर पाठवतो.”

“सुट्टीनंतर! अहो, बाई चारला निघतायत!”

“मग त्यांना तोवर त्यावरून जाऊ नका म्हणावं,” अभियंता काळजीने म्हणाला. “मोडलाय ना.”

*“लोकसहभागातून विकास हेच आमचे सूत्र आहे.”*

चिटणीस घरी आले तेव्हा तीन वाजून गेले होते, आणि लोकसहभाग त्यांच्या बैठकीत येऊन बसला होता. म्हणजे समोरच्या घरातले काका. काकांना अख्खी इमारत ‘सल्लागार’ म्हणते. त्यांनी नोकरीत काय केलं ते कुणाला नक्की ठाऊक नाही, पण ते जे काही होतं ते त्यांना विचारून केलं असतं तर बरं झालं असतं, एवढं त्यांच्या बोलण्यावरून कळतं.

“बाईंना रस्त्यात गाठायचं,” सल्लागार म्हणाले. “आणि गप्पांत गुंतवायचं. सहापर्यंत.”

“आणि उद्या?”

“उद्या परत.”

“काका,” बायको म्हणाली, “काहीतरी करता येण्यासारखं सांगा.”

“मग फळी टाका. साधी गोष्ट. लांब फळी, रस्त्यावरून ओट्यावर. पायऱ्यांच्या शेजारी मोकळी कड आहेच.”

सगळ्यांनी खोलीत फळी शोधली. ती सल्लागारांच्या बुडाखाली होती.

“माझ्या दिवाणाला हात लावायचा नाही,” बायको म्हणाली.

खालून तळमजल्याच्या दाराला कुलूप लागल्याचा आवाज आला. मग चाकांचा. तेल दिलेल्या चाकांचा आवाज फारसा येत नाही. त्यामुळे तो जास्तच ऐकू आला.

“उठा, काका,” बायको म्हणाली, आणि गादी तिनेच ओढली. आतली पांघरुणं उघडी पडली, त्यांवर एक वर्षभर हरवलेली छत्रीही सापडली, पण आनंद मानायला सवड नव्हती. फळी तिरकी करून जिन्यातून उतरवताना चिटणीस खाली होते, बायको वर, आणि सल्लागार सगळीकडे. “डावीकडे! तुमच्या नव्हे, माझ्या डावीकडे!” भिंतीच्या रंगाचा लांबच लांब पट्टा निघाला. पहिल्या मजल्यावरच्या दारातून कुणीतरी विचारलं, “घर सोडताय का?” चिटणीस म्हणाले, “अजून नाही.”

मागच्या गल्लीतून धावत गेले. आमदाराचा चिटणीस, ज्याच्याकडे लोक दाखले मागायला येतात, तो भर दुपारी डोक्यावर दिवाण घेऊन पळतोय, हे ज्यांनी पाहिलं त्यांनी सुट्टीभर पुरवून पुरवून सांगितलं.

वाचनालयाच्या ओट्यावर ग्रंथपाल मोबाईल हातात घेऊन उभा.

“बरं झालं आलात,” तो म्हणाला. “वरून विचारणा झालीय, नव्या रॅम्पचा फोटो पाठवा. सकाळपासून शोधतोय. कुठून काढू?”

“इथून,” चिटणीस म्हणाले आणि फळी टेकवली.

“ही फळी आहे.”

“सध्या.”

“रॅम्पच्या जागी फळी ठेवायची परवानगी मी देऊ शकत नाही. उद्या कुणी पडलं तर?”

“रॅम्प कुठाय?” बायकोने विचारलं.

ग्रंथपालाने खाली पाहिलं, मग पत्रक आठवून पुन्हा खाली पाहिलं. “तोच प्रश्न आहे,” तो म्हणाला.

तोवर बाई आल्या.

रस्ता सपाट होता, आणि त्या ताठ बसून, दोन्ही हातांनी चाकं फिरवत येत होत्या. शाल एका बाजूने सरकली होती. थोडी धाप लागली होती. ओट्यावर वाचक जमले होते. सुट्टीचा दिवस, खरंच गर्दी होती. बाईंनी एक-दोघांकडे बघून मान हलवली. मग त्यांची नजर खाली आली. ओट्याला टेकलेली फळी. तिच्या कडेला अडकलेला चादरीचा तुकडा. शेजारी घामाघूम चिटणीस.

“हा रॅम्प?” बाईंनी विचारलं.

वाटेत सुचलेल्या सगळ्या वाक्यांनी चिटणिसांना त्या क्षणी सोडलं. तात्पुरती व्यवस्था, तांत्रिक कारण, अंतिम टप्पा, एकही हाताशी येईना.

“नाही, बाई,” ते म्हणाले. “हा आमचा दिवाण.”

ओट्यावर कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. बाईंचे हात चाकांवर घट्ट झाले.

“मी भाचीला नको म्हटलं,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “तुमच्या भरवशावर.”

“हो, बाई.”

“परत कशी जाणार होते मी? वर चढता येत नाही, हे सगळ्यांसमोर पुन्हा एकदा कळवून?”

बायको पुढे व्हायला निघाली, पण तिने पाय मागे घेतला.

बाईंनी फळीकडे बराच वेळ पाहिलं. चढ भलताच होता. मग ओट्याकडे पाहिलं. आतल्या खिडकीजवळची ती खुर्ची तिथून दिसत होती. तिच्यावर कुणाची तरी टोपी होती.

“टोपी उचला तिथली,” बाई ग्रंथपालाला म्हणाल्या. “आणि तुम्ही, चिटणीस, नीट धरा.”

बायको आणि सल्लागार मागून ढकलायला लागले. पुढची चाकं फळीवर चढली. फळीने आवाज केला. निम्म्यात येईतो ती मधोमध अशी वाकली की खुर्ची कोनाड्यात ठेवल्यासारखी बसली. ना पुढे, ना मागे. सल्लागारांनी दात-ओठ खात पहिल्यांदाच कुठलाही सल्ला न देता “आई गं” एवढंच म्हटलं. फळीच्या पोटात काहीतरी कडाडलं. ओट्यावरचे वाचक एकदम मागे सरले. बाईंनी डोळे मिटले नाहीत, पण श्वास धरला.

चिटणिसांनी फळीचं वरचं टोक ग्रंथपालाच्या हातात कोंबलं आणि खाली वाकून आत शिरले. हात जमिनीला, गुडघे जमिनीला, मान छातीत, पाठ फळीला. वर जोर दिला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. कुठलातरी खिळा सदऱ्यातून आत आला. पण फळी सरळ झाली, आणि बाई त्यांच्या पाठीवरून, आधी पुढची चाकं, मग मागची, सावकाश वर गेल्या.

“अगं बाई,” वरून आवाज आला, “हा कण्हतोय.”

“रॅम्प आहे, बाई,” सल्लागार धापा टाकत म्हणाले. “नवीन आहे.”

फोटो निघाला तो त्याच वेळी, रस्त्यावरच्या कुणाच्या तरी मोबाईलमध्ये. त्यात फळी दिसते, व्हीलचेअरची मागची बाजू दिसते, आणि फळीखालून बाहेर आलेली काळ्या बुटांची एक जोडी दिसते, चांगली पॉलिश केलेली.

बाई ओट्यावर पोचल्यावर कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. एका वाचकाने दार धरून ठेवलं. उंबऱ्याशी बाईंनी खुर्ची वळवली.

“चिटणीस.”

“जी,” फळीखालून.

“उतरतानाही मला तुम्ही इथेच हवे आहात.”

“हो, बाई. साधारण किती वेळ…?”

“जाड पुस्तक काढणार आहे,” बाई म्हणाल्या आणि आत गेल्या. थोड्या वेळाने आतून कुणीतरी खोकलं.

बायको शेजारी येऊन बसली. तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढला, कारण ते ओरडले. “फळीला चीर गेलीय,” ती म्हणाली. “नवीन घ्यावी लागेल.” पण रागाने नाही. सल्लागार ओट्यावर उभे राहून लोकांना सांगत होते की आपण पहिल्यापासून हेच म्हणत होतो.

फोन वाजला. बोट किनाऱ्याला लागली असावी. आवाज स्वच्छ होता.

“काय चिटणीस! झाला का रॅम्प?”

चिटणिसांनी फळीकडे पाहिलं. आजवर या प्रश्नाला त्यांनी एकच उत्तर दिलं होतं.

“नाही झाला, साहेब.”

साहेबांच्या मागे पक्षी ओरडत होते.

“बरं,” साहेब म्हणाले. “मग पुढच्या पत्रकात टाका.”

“तो या पत्रकात आहे, साहेब.”

“मग पुढच्यात नूतनीकरण टाका. नूतनीकरण पूर्ण. आणि परराष्ट्र धोरणाचं विचारलंत का कुणाला?”

“पुढच्या पत्रकात रॅम्प मी लिहिणार नाही,” चिटणीस म्हणाले. “बाई त्यावरून स्वतः गेल्या की मग बघू.” आणि पुढचं काही ऐकायच्या आत त्यांनीच फोन ठेवला. साहेबांचा फोन आपण आधी ठेवला हे त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला, आणि आल्यावर त्यांनी तो उपडा करून मांडीखाली सारला.

आत दिवे लागले. खिडकीत बाईंची मान पुस्तकावर वाकलेली दिसत होती.

सुट्टीनंतर ‘दुरुस्ती’ म्हणून तो रॅम्प बांधायला खात्याच्या गवंड्याला एक दुपार लागली, आणि मध्ये तो जेवूनही आला.